पाणी चढतं तेव्हा

अडीचशे दिरहमला मिळाला,
शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानामागे.
डब्यावर अजून चिकटपट्टी होती: अकाउंट्स-३.
म्हणजे एक आणि दोनही कुठेतरी असतील,
त्याच बुडालेल्या कंपनीचे,
आणि त्यांच्यापुढेही एखादी बाई
हात जोडून बसली असेल.

विकणारा म्हणाला, "भाबी, एकदम फिट."
फिटच होता. फक्त मधूनच
मूग गिळून बसायचा.
बाण जिथल्या तिथे, घड्याळ नऊ-बावीसवर,
तीन किराणा दुकानांचा व्हॅट अर्धाच भरलेला.
बाहेर रात्रीसुद्धा एकेचाळीस अंश,
आणि रुवैसहून नवरा फोनवर विचारतो, काय झालं?
मी म्हणते, गोठला.
दोघंही हसतो त्या शब्दाला.

मग वही घातली.
तारीख, वेळ, काय काय उघडं होतं.
आई कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडायची,
हात तोच, घर फक्त परदेशातलं.

एका शनिवारी उघडला.
स्क्रू आमटीच्या वाटीत ठेवले.
पंख्यात वाळू, चाळून घ्यावी इतकी बारीक,
मैद्यासारखी. किती वर्षांची, कुठल्या कुठल्या वादळांची.
ब्रशने झाडली तर शिंकताना मीच हँग झाले.
रॅमच्या पट्ट्या ईराच्या खोडरबरने घासल्या,
त्याला स्ट्रॉबेरीचा वास आहे,
तो दोन दिवस कॉम्प्युटरला येत राहिला.
प्रोसेसरवर नखाएवढी पेस्ट,
पानाला चुना लावावा तशी, जास्त नाही, तोंड भाजेल.
रात्रभर मेमरी तपासली. चुका: शून्य.
सकाळी सात-चाळीसला
ईराचं रिपोर्ट कार्ड उघडलं आणि
पुन्हा मूग.

वहीत पानं भरली, पण ताळा लागेना.
मंगळवार दोनदा. बुधवार एकदाही नाही.
मी देवसुद्धा पाण्यात ठेवले असते,
पण त्या गुरुवारी नळाला पाणीच नव्हतं.

बादली लावून ठेवली होती तशीच.
नळ आधी खाकरला, मग थुंकला,
आणि बाहेरच्या खोलीत
बाण थांबला.

जिन्याने खाली गेले. तळघरात शफीउल,
एक हात स्विचवर, दुसऱ्या हातात मुरमुऱ्याची पुडी.
टाकी आटली की लावतो, म्हणाला,
वेळ कशी सांगू, लोक कधी आंघोळ करतील मला काय ठाऊक?
मी त्याला वही दाखवली.
तो मराठी वाचत नाही, पण आकडे बघत राहिला.
ह्या दिवशी सहाव्यावर पाहुणे होते, म्हणाला.
ह्या दिवशी मीच झोपलो होतो, उशीर झाला.
माझ्या मशीनची कुंडली
त्याला तोंडपाठ होती.

पंप पहिला घोट मोठा घेतो.
तेवढ्या क्षणापुरती साऱ्या इमारतीची वीज कमी पडते;
दिव्याला कळत नाही, फ्रीजला कळत नाही,
माझ्या थकलेल्या पॉवर सप्लायला कळतं.
नवा एकशे ऐंशीला. शाळेची फी भरल्यावर बघू.

तोवर ठरलं: पंप लावायच्या आधी एक मिस्ड कॉल.
फोन थरथरला की मी फाइल सेव्ह करते,
हात मांडीवर घेते,
आणि भिंतीतून सात मजले पाणी चढताना ऐकते.
कधी तो गोठतो, कधी नाही.
चांगला एक मिनिट बिनकामाचा मिळतो,
त्यात मी काहीच करत नाही.

काल गोठला, फोन न येता.
उठून नळ सोडला: पाणी जोरात.
शफीउलचा नंबर बंद.
वहीत लिहिलं: ११.०७, खाडा.
पेन तसंच उघडं ठेवलं,
चप्पल घातली
आणि लिफ्टची वाट न बघता
खाली उतरले.